बीज पुरुषाचे, क्षेत्रही पुरुषाचे

लग्नाला तीन-चार वर्षे उलटली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्याकडे एक ठरीव क्रम सुरू होतो. आधी शेजारच्या काकूंची सूचक चौकशी, मग सासूबाईंचा सोळा सोमवारांचा आग्रह, मग कुलदैवताला नवस, आणि या सर्वांच्या जोडीला सुनेच्या डॉक्टरीणबाईंकडे फेऱ्या. तिचे रक्त तपासले जाते, सोनोग्राफी होते, गर्भनलिकांत औषध सोडून क्ष-किरण चित्रे घेतली जातात, क्वचित तिला भूल देऊन दुर्बिणीने पोटाच्या आतही पाहिले जाते. एवढे होईतो वर्ष-दोन वर्षे निघून जातात. आणि मग कुणीतरी, तेही दबक्या आवाजात, विचारते की मुलाची तपासणी झाली आहे काय? जिच्यात सुई नाही, भूल नाही, चिरफाड नाही आणि जिला खर्चही थोडाच येतो, ती तपासणी सर्वांत शेवटी!

हा क्रम का उलटा आहे ते आकडे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगातील दर सहा प्रौढ माणसांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाचा अनुभव येतो. अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचा वाटा असतो. आणि ढोबळमानाने पाचांपैकी एका जोडप्यात तर दोष केवळ पुरुषातच सापडतो. तरीही 'वांझ' हा आपल्या भाषेतील शब्द स्त्रीलाच चिकटला आहे. पुरुषासाठी जे दोन-तीन शब्द आहेत ते सारे शिव्यांच्या वर्गातले, आणि त्यांचा अर्थ वेगळा. शरीरसंबंधाची असमर्थता आणि अपत्य होण्यातील अडचण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. उत्तम प्रकृतीच्या, भरदार देहाच्या, संसारात सर्वार्थाने समर्थ अशा पुरुषाच्या वीर्यात एकही शुक्राणू नसू शकतो आणि त्याला त्याची गंधवार्ताही नसते. शंभर पुरुषांमागे सुमारे एकाची स्थिती अशी असते. भाषेने हा भेद ठेवला नाही, म्हणून पुरुष तपासणीला बिचकतो, असे आमचे मत आहे.

आमच्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हते असे मात्र नाही. सुश्रुताने गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज अशा चार गोष्टी सांगितल्या. चरकाने रेतोदोषांचे आठ प्रकार मोजले. वैद्याच्या दृष्टीने बीजही बिघडू शकत होते. धर्मशास्त्रकारांनी आणि लोकव्यवहाराने मात्र त्या रूपकातून आपल्या सोयीचे तेवढेच उचलले: बीज पुरुषाचे, क्षेत्र स्त्रीचे, आणि पीक आले नाही तर जमीन नापीक. गेल्या काही दशकांतील संशोधनाने या जुन्या रूपकाला जी कलाटणी दिली आहे तीच आजच्या लेखाचा विषय आहे. पुरुषाच्या देहात बीज तर असतेच. पण त्या बीजाला रुजवणारे, पोसणारे आणि मोठे करणारे क्षेत्रही त्याच देहात असते. या दोहोंमध्ये अहोरात्र निरोपांची देवघेव चालते, आणि हे निरोप बहुतांशी प्रथिनांच्या रूपाने जातात. निरोप चुकला की पीक बुडते.

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ आठवते, दूध आठवते. परंतु देहातील प्रथिने केवळ बांधकामाच्या विटा नव्हेत. त्यांतील काही चिठ्ठीचे काम करतात, काही त्या चिठ्ठीच्या पेटीचे. एका पेशीतून निघालेले प्रथिन दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील त्याच्याच घडणीच्या ग्राहक प्रथिनात, कुलपात किल्ली बसावी तसे बसते. आणि मग त्या पेशीच्या आत कामाची साखळी सुरू होते. चिठ्ठी लिहिलीच गेली नाही, किंवा लिहिली गेली पण घेणारी पेटीच नसली, तरी परिणाम एकच: काम होत नाही. हे दोन बिघाड वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचीच एक सुरस कथा येणार आहे.

वृषणाच्या आत केसासारख्या बारीक नळ्यांची गुंतवळ असते. ती उलगडून एका रेषेत मांडली तर शेकडो मीटर भरेल. या नळ्यांच्या भिंतीत शुक्राणू घडतात. १८६५ साली एन्रिको सेर्तोली या तरुण इटालियन संशोधकाने तेथे काही उंच, फांद्या फुटल्यासारख्या पेशी पाहिल्या. त्या स्वतः शुक्राणू होत नाहीत. परंतु वाढणारे शुक्राणू त्यांच्या कुशीत अक्षरशः रुतून बसलेले असतात. आम्ही त्यांना धात्रीपेशी म्हणू. एक धात्रीपेशी ठरावीक संख्येचीच बाळे सांभाळू शकते, आणि धात्रीपेशींची संख्या बहुतांशी वयात येईपर्यंत ठरून जाते. तिशीतल्या पुरुषाची शुक्राणूसंख्या अशा रीतीने अंशतः त्याच्या बालपणातच निश्चित झालेली असते. लहान मुलाचे वृषण पोटातून खाली उतरले नसेल तर 'मोठा झाला की होईल ठीक' म्हणून थांबू नये, सहा ते अठरा महिन्यांच्या वयातच शस्त्रक्रिया करून घ्यावी, असे बालशल्यचिकित्सक का बजावतात हे यावरून समजावे.

या क्षेत्रावरचा अंमल मात्र दूर मेंदूतून चालतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या भागातून अवघ्या दहा अमिनो आम्लांचा एक चिमुकला निरोप दर दीड-दोन तासांनी ठोक्याठोक्याने सुटतो. त्याची रचना १९७१ साली शॅली आणि गियेमँ यांच्या परस्परांशी चुरस करणाऱ्या प्रयोगशाळांनी उलगडली आणि १९७७ साली दोघांनाही नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. गंमत अशी की हा निरोप ठोक्याठोक्यानेच यावा लागतो. सतत वाहू लागला तर पुढील ग्रंथी बहिरी होते. रोज उठून तीच तक्रार ऐकणाऱ्या गृहस्थासारखेच म्हणा ना! निरोप पोचताच पोष ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन प्रथिन-संप्रेरके रक्तात सोडते. एलएच नळ्यांच्या मधल्या जागेतील लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन तयार करायला लावते. एफएसएच धात्रीपेशींना कामाला जुंपते. काम नीट चालले की धात्रीपेशी 'इनहिबिन' नावाचे प्रथिन उलट टपाली धाडून वरच्यांना हात आखडता घ्यायला सांगतात.

वरून हुकूम आला तरी प्रत्यक्ष शेत कसते ते खालीच. धात्रीपेशी जीडीएनएफ नावाचे एक प्रथिन पाझरत असते. हे प्रथिन १९९३ साली सापडले ते मज्जापेशी जगवणारे द्रव्य म्हणून. वृषणात त्याचे काही काम असेल असे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. २००० साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले की ते निम्मे झाले तर शुक्राणूंच्या मूलपेशी हळूहळू संपून जातात, नळ्या ओस पडतात. आणि ते वाजवीपेक्षा जास्त झाले तर मूलपेशींचेच ढीग साचतात, त्यांतून शुक्राणू काही घडत नाहीत. बियाण्याचा काही भाग पुढच्या हंगामासाठी राखायचा आणि उरलेला पेरायचा, हा प्रत्येक शेतकऱ्याचा हिशेब येथे एका प्रथिनाच्या मात्रेवर चालतो.

आता ती पांढऱ्या उंदरांची कथा. प्रयोगशाळांत फार पूर्वीपासून उंदरांचे दोन विचित्र वंश जोपासलेले होते. दोन्ही वंशांतील दोषी उंदीर दिसायला सारखे: काळ्या डोळ्यांचे, पांढऱ्या अंगाचे, रक्त कमी असलेले आणि निपुत्रिक. केसांचा रंग, रक्त आणि संतती या तीन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे कोडेच होते. १९८८ ते १९९० या काळात ते सुटले. रंगपेशी, रक्तपेशी आणि बीजपेशी, तिघींनाही वाढीसाठी एकच चिठ्ठी लागते. त्या चिठ्ठीला मूलपेशी घटक म्हणतात आणि तिच्या पेटीला 'किट'. एका वंशात चिठ्ठी सदोष होती, दुसऱ्यात पेटी. म्हणजे एका वंशात क्षेत्र बिघडलेले, पण बीज चांगले. दुसऱ्यात बीज बिघडलेले, पण क्षेत्र चांगले. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दोघेही सारखेच वांझ.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील राल्फ ब्रिन्स्टर यांनी १९९४ साली एका उंदराच्या वृषणातील मूलपेशी दुसऱ्याच्या वृषणात रुजवण्याचे तंत्र सिद्ध केले होते. २००० साली त्यांच्या गटाने या दोन वंशांची गाठ घालून दिली. चिठ्ठी नसलेल्या निपुत्रिक उंदराच्या मूलपेशी काढून त्यांनी पेटी नसलेल्या निपुत्रिक उंदराच्या नळ्यांत सोडल्या. तेथल्या निरोगी धात्रीपेशींच्या कुशीत ते परके बीज रुजले, वाढले, शुक्राणू झाले. आणि त्या उंदराला पिल्ले झाली. दोन वांझ देहांतून एक वंश पुढे चालला! ही कथा उंदरांची आहे आणि माणसासाठी दवाखान्यात मिळणारा हा उपचार नव्हे, हे येथेच सांगून टाकतो. वर्तमानपत्री मथळे वाचून कुणी धावपळ करू नये. परंतु 'दोष बीजाचा की क्षेत्राचा' हा प्रश्न पुरुषाच्या एकट्याच्या देहाविषयी विचारता येतो, हे या प्रयोगाने कायमचे दाखवून दिले.

मूलपेशीपासून शेपूटवाला शुक्राणू होईपर्यंत माणसात सुमारे ७४ दिवस लागतात. गुणसूत्रे निम्मी होतात, पेशीतील बहुतेक द्रव गळून पडतो, आणि डोक्यात गुणसूत्रांचा धागा इतका आवळून भरला जातो की त्यावरील जनुके वाचताच येत नाहीत. म्हणजे प्रवासाला निघालेला शुक्राणू वाटेत नवे प्रथिन बनवू शकत नाही; शिदोरी बांधून दिली असेल तेवढीच. मग परिस्थिती बदलली की तो वागणे कसे बदलतो? जवळच्या प्रथिनांवर फॉस्फेटचा एक छोटासा तुरा लावून किंवा काढून. तुरा लागला की प्रथिन जागे होते, निघाला की निजते. पेशींतील ही जगन्मान्य युक्ती शोधल्याबद्दल फिशर आणि क्रेब्ज यांना १९९२ साली नोबेल मिळाले. शुक्राणूला तर तिच्यावाचून गत्यंतरच नाही. वीर्यातून नुकताच बाहेर पडलेला शुक्राणू अंडपेशीला भेदू शकत नाही. स्त्रीच्या देहात काही तास राहिल्यावरच ते सामर्थ्य त्याला येते, हे चँग आणि ऑस्टिन यांनी १९५१ साली स्वतंत्रपणे दाखवले. त्या काही तासांत त्याच्या प्रथिनांवर हे तुरे भराभर चढत असतात. शेपटीवरील 'कॅटस्पर' नावाची दारे उघडून कॅल्शियम आत शिरते आणि शेपूट चाबकासारखी फटकारू लागते. ही दारे २००१ साली सापडली. ज्या पुरुषांत ती सदोष असतात त्यांचा नेहमीचा तपासणी-अहवाल कधी कधी अगदी निर्दोष येतो आणि मूल तरीही होत नाही.

शेवटच्या भेटीतील दोन प्रथिनांची नावे आम्हांला विशेष आवडली. शुक्राणूवरील प्रथिनाला २००५ साली जपानी संशोधकांनी 'इझुमो' नाव दिले. इझुमो हे विवाह जुळवणाऱ्या देवतेचे त्यांचे प्रसिद्ध तीर्थस्थान. अंडपेशीवरील त्याच्या जोडीदाराचा शोध २०१४ साली लागला, तेव्हा त्याला रोमन लोकांची विवाहदेवता जूनो हिचे नाव मिळाले. अंतरपाट दूर झाला तरी एकाला दुसऱ्याची ओळख पटली नाही, तर मीलन होत नाही.

हे सारे ज्ञान दवाखान्यात किती उपयोगी पडते, असे वाचक विचारतील. उत्तर संमिश्र आहे.

वरून येणारा निरोपच थांबला असेल तर उपचार उत्तम आहे. १९४४ साली कालमन या वैद्याने वर्णन केलेल्या एका आजारात मुलगा वयात येत नाही आणि त्याला वासही येत नाही. मेंदूतील निरोप सोडणाऱ्या पेशी गर्भावस्थेत नाकाच्या बाजूने मेंदूकडे प्रवास करतात. त्या प्रवासात अडथळा आला की घ्राणेंद्रिय आणि प्रजनन दोन्ही अडतात. अशा तरुणाचे वृषण मुळात चांगले असते. एलएचसारखे काम करणारे एचसीजी आणि त्याच्या जोडीला एफएसएच यांची इंजेक्शने काही महिने, प्रसंगी दोन वर्षे दिली तर बहुतेकांच्या वीर्यात शुक्राणू दिसू लागतात. यातील एचसीजी हे गरोदर स्त्रीच्या मूत्रातून वेगळे काढता येणारे प्रथिन आहे, ही योगायोगाची बाब नमूद करण्याजोगी.

बीजच सदोष असेल तर मात्र इंजेक्शनांचा उपयोग नसतो. आपल्या हैदराबादेतील सीसीएमबी या संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीर्यात एकही शुक्राणू नसलेल्या ३४० भारतीय पुरुषांची तपासणी करून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील २९ जणांच्या, म्हणजे सुमारे साडेआठ टक्क्यांच्या, वाय गुणसूत्राचा तुकडा गळालेला होता. शुक्राणू घडवणाऱ्या काही प्रथिनांचे आराखडे त्याच तुकड्यात असतात. अशा पुरुषाला वर्षानुवर्षे चूर्णे, भस्मे आणि 'शक्तिवर्धक' गोळ्या खाऊ घालणे म्हणजे पान फाटलेल्या पोथीला अत्तर लावणे होय. रक्ताच्या एका चाचणीने हे कळते, आणि कळल्यावर निदान पैसा आणि आशा दोन्हींची नासाडी थांबते.

उलट एक दोष असा आहे की तो माणूस विकत घेतो. आपल्या गल्लीबोळांत तालमींची जागा आता जिमने घेतली आहे, आणि तेथे दंड फुगवण्यासाठी टेस्टोस्टेरॉन वा तत्सम द्रव्यांची इंजेक्शने खाजगीत मिळतात. पुरुषत्वाचे द्रव्य बाहेरून घेतले तर प्रजननशक्ती वाढेल, असा घेणाऱ्याचा समज. घडते नेमके उलटे. रक्तातील मात्रा पाहून मेंदू समजतो की माल पुरेसा आहे आणि निरोप पाठवणे बंद करतो. एलएच आणि एफएसएच थांबतात. वृषणाच्या आत, जेथे रक्ताच्या कितीतरी पट टेस्टोस्टेरॉन लागते, तेथे दुष्काळ पडतो. हा परिणाम इतका खात्रीचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्याच्या अशा इंजेक्शनाची पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली होती. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत निम्म्याहून अधिक पुरुषांचे शुक्राणू संपूर्ण नाहीसे झालेले आढळले. औषध बंद केल्यावर बहुधा ते परत येतात, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षाहूनही अधिक. लग्न ठरलेल्या मुलाच्या आईवडिलांनी त्याच्या पगाराइतकीच या गोष्टीचीही चौकशी करावी.

कारण सापडत नाही अशांची संख्याही मोठी आहे. त्यांच्यासाठी, आणि शुक्राणू अगदी थोडे असणाऱ्यांसाठी, शास्त्राने आडवाट काढली. १९८६ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी परीक्षानळीतील बालिका जन्मली, तेव्हाच्या पद्धतीत शुक्राणूला काचेच्या बशीत का होईना, स्वतःच्या बळावर अंडपेशीत शिरावे लागे. १९९२ साली ब्रुसेल्स येथील संशोधकांनी एकच शुक्राणू सुईने थेट अंडपेशीत सोडून झालेल्या गर्भधारणा प्रसिद्ध केल्या आणि सगळे चित्र पालटले. तुरे, दारे, इझुमो, सर्वांना वळसा. तरीही एक चिठ्ठी चुकवता येत नाही: आत गेलेल्या शुक्राणूने 'पीएलसी-झीटा' या प्रथिनाने अंडपेशीला जागे करावे लागते; ते नसेल तर सुई टोचूनही अंडपेशी निजलेलीच राहते. आणि वाय गुणसूत्राचा दोष असलेल्या पित्याला या वाटेने मुलगा झाला, तर तोच दोष वारशाने मुलाकडे जातो. हे आधी समजावून सांगणारा डॉक्टर निवडावा.

या आडवाटेचा एक भाग घरोघरी पुरेसा बोलला जात नाही. दोष पूर्णपणे पुरुषाचा असला तरी रोजची संप्रेरकांची इंजेक्शने बायकोलाच घ्यावी लागतात. अंडपेशी काढण्यासाठी भूलही तिलाच दिली जाते. 'तुझ्यामुळे' हा शब्द ज्या घरात तिने चार वर्षे ऐकला, त्याच घरासाठी ती हे सोसते.

पुरुषाच्या तपासणीविषयी काही व्यवहाराच्या गोष्टी. नमुना देण्यापूर्वी दोन ते सात दिवसांचा संयम पाळावा लागतो. अहवालात मिलिलिटरमागे एक कोटी साठ लाख ही संख्या खालची मर्यादा म्हणून छापलेली दिसेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या पुस्तिकेतील ती आहे. नुकतेच पिता झालेल्या पुरुषांपैकी सर्वांत कमी संख्या असलेल्या पाच टक्क्यांची ती सीमारेषा. परीक्षेतील पस्तीस गुण नव्हेत. तिच्याहून कमी असलेले कित्येक पुरुष पिता होतात, जास्त असलेले कित्येक होत नाहीत. एकाच पुरुषाचे आकडे महिन्यामहिन्याला बदलतात, म्हणून एका अहवालावरून निवाडा करू नये; दुसरा नमुना काही आठवड्यांनी द्यावा. आणि मध्यंतरी जोराचा ताप येऊन गेला असेल तर तेवढे डॉक्टरांना सांगून तीन महिने थांबावे. तापाच्या दिवसांत घडत असलेले शुक्राणू आज बाहेर पडत असतात. त्यांच्या मागून येणारे वेगळे असू शकतात.